घाट चढवणारं इंजिन

प्रस्तावना

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावातली चार-पाच मुलं देवळाच्या ओट्यावर एका मोबाइलभोवती डोक्याला डोकं लावून बसली होती. मी वाकून पाहिलं तर पडद्यावर बर्फ. शिरस्त्राणं घातलेली, अंगात गाद्या भरल्यासारखी दिसणारी माणसं पायांत पात्यांचे बूट घालून वाऱ्यासारखी धावत होती आणि हातातल्या लांब काठ्यांनी एक काळी चकती ढकलत होती. मुलांना खेळाचं नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं, आइस हॉकी. सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, ही माणसं एरवी काय काम करतात?" मी म्हणालो, "हेच करतात. हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "खेळून पोट भरतं?"

कुंभिवलीत हा प्रश्न नवा नाही. कर्जत-खालापूरच्या कुठल्याही गावात, कबड्डीच्या सरावावरून काळोख पडल्यावर घरी येणाऱ्या मुलाला आई हेच विचारते. तिच्या आवाजात राग थोडा आणि काळजी जास्त असते. भाताचं एक पीक, कारखान्यातली कंत्राटी पाळी आणि शिकून मुलगा कुठेतरी चिकटेल ही आशा, एवढ्यावर घर उभं असतं. अशा घरातल्या आईला खेळानं शरीर आणि मन कसं घडतं, हे सांगून भागत नाही. तिला हिशेब हवा असतो, आणि तो मागण्याचा तिला पुरता हक्क आहे. गावातल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी केलेली ही पुस्तिका म्हणजे तो हिशेब मांडण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही एका खेळाडूचं आयुष्य निवडलं: पुण्याजवळच्या खडकीचे हॉकीपटू धनराज पिल्ले.

पण प्रश्न बर्फावरून निघाला, तेव्हा आधी तिथलं सांगायला हवं. 3 मार्च 1875 रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात छपराखालच्या बर्फावर आइस हॉकीचा पहिला रीतसर सामना झाला. 1917 मध्ये नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. आज तिच्यात कॅनडा आणि अमेरिका मिळून 32 संघ आहेत. गोलरक्षक धरून एका बाजूला सहा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. ती काळी चकती कडक रबराची, साधारण 170 ग्रॅम वजनाची असते आणि बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. खेळाडू एका दमात जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर असतो. तेवढ्यात छाती भरून येते, तो कठडा ओलांडून बाहेर येतो आणि दुसरा आत उडी घेतो. एका हंगामात असे ऐंशीहून अधिक सामने. अठराव्या वर्षी संघ मुलांची निवड करतात, पुढे करार होतो आणि खेळ हीच नोकरी होते.

त्या अठरा वर्षांच्या आधीचा काळ मात्र मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही. तिथल्या गावांत नगरपालिकेनं राखलेली बर्फाची मैदानं आहेत. पहाटेच्या अंधारात मुलाला उठवून सरावाला नेणारे आईबाप आहेत. गावोगावचे किशोर संघ आहेत. दोन सरावांच्या मध्ये बर्फावर ओरखडे राहू नयेत म्हणून यंत्र फिरवणारा माणूस आहे. करारावर सही करणारा मुलगा एकटा दिसतो, पण त्याला तिथवर आणणाऱ्यांची रांग फार लांब असते.

आपल्या देशात हा खेळ लडाखमध्ये रुजला आहे. तिथले तलाव हिवाळ्यात गोठतात, आणि ते गोठलेले असतील तेवढेच दिवस खेळायचे. भारताचा पुरुष संघ 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, महिला संघ 2016 मध्ये. 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आपल्या मुलींनी आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. पण कॅनडासारखी खेळाडूला पगार देणारी साखळी इथे नाही. तिथले कितीतरी पुरुष खेळाडू लष्करात किंवा सीमा पोलीस दलात नोकरीला आहेत. खेळ तोच, काठी तीच, कष्टही तेच. पाठीमागे काय उभं आहे, यात फरक आहे.

पाठीमागे काय उभं असतं, हे कर्जतच्या माणसाला वेगळं समजावून द्यावं लागू नये. पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कर्जत स्टेशनात थांबते. प्रवासी बटाटेवड्याच्या पाट्यांकडे बघत असतात, आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटाला एक हलका धक्का बसतो. मागून इंजिनं लागलेली असतात. आपण त्यांना बँकर म्हणतो. समोर बोरघाट उभा आहे, सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. पुढच्या इंजिनानं कितीही जोर लावला तरी भरलेली गाडी त्याला एकट्याला ओढवत नाही. लोणावळ्याला चढ संपला की मागची इंजिनं सुटतात आणि परत खाली येतात. गाडी ज्या इंजिनाच्या नावानं ओळखली जाते ते पुढचंच असतं. धनराज पिल्ले यांचं आयुष्य वाचताना मला सतत ते मागचं इंजिन आठवत राहिलं, आणि या पुस्तिकेत आम्ही मुद्दाम तिकडेही पाहिलं आहे.

धनराज यांचा जन्म 16 जुलै 1968 चा, खडकीचा. घर तमिळ, गाव मराठी. खडकी म्हणजे लष्कराची छावणी आणि दारूगोळ्याचा जुना सरकारी कारखाना. कामगारांच्या वसाहती, वसाहतींना लागून मैदानं, मैदानांवर हॉकी. पलटणींनी आणलेला हा खेळ कामगारांच्या मुलांनी आपलासा केला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघात पुण्याचे बाबू निमल होते. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार एलिझा नेल्सन पुण्याची. धनराज यांच्यासोबत 2004 ची अथेन्स ऑलिंपिक खेळलेले विक्रम पिल्लेही खडकीचेच. एका लहानशा वस्तीतून इतके खेळाडू येतात, तेव्हा तिथल्या पाण्यात काही वेगळं आहे असं लोक म्हणतात. पाणी सगळीकडे सारखंच. तिथे मैदान होतं आणि संध्याकाळी त्यावर मोठी मुलं खेळत होती, म्हणून लहानही खेळली.

धनराज यांचे वडील नागलिंगम त्या वसाहतीतल्या मैदानाची निगा राखायचं काम करत. आमच्या पुस्तिकेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असं कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन. पुढे जगातल्या उत्तमोत्तम मैदानांवर धावलेल्या खेळाडूचा बाप मैदानावर पाणी मारणारा, खड्डे बुजवणारा, दगड वेचणारा माणूस होता. घरात पाच मुलगे, धनराज चौथे. नव्या स्टिका घेण्याची ऐपत नव्हती. मोठ्या मुलांच्या मोडलेल्या स्टिका बांधून घ्यायच्या, टाकून दिलेले चेंडू उचलायचे आणि त्या मऊ, चिकट मातीत खेळायचं. चिकट मातीत चेंडू लांब मारला तर अडकतो. म्हणून तो स्टिकच्या जवळ ठेवून पळायची सवय अंगात भिनते. धनराज यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना डावी-उजवीकडे झुलत, चेंडू जणू काठीला बांधल्यासारखा घेऊन बचावफळीत घुसणारा तो पुढचा खेळाडू आठवत असेल. लांब केस उडताहेत, पाठ वाकलेली, नजर चेंडूवर आणि चेंडूच्या पलीकडेही.

आई अंदलम्मा यांनी मुलांना खेळू दिलं. या वाक्याकडे आमच्या गावातल्या आयांनी थोडं थांबून पाहावं, अशी माझी विनंती आहे. पाच मुलगे आणि एक पगार असलेल्या घरात "खेळा" असं म्हणायला किती धीर लागत असेल! संदीप मिश्रा यांनी 2007 मध्ये धनराज यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं, त्याचं नाव 'फर्गिव्ह मी अम्मा' म्हणजे 'अम्मा, मला क्षमा कर' असं आहे. चरित्राच्या नावातच आई आहे. मागच्या इंजिनांतलं पहिलं इंजिन ती होती.

दुसरं इंजिन थोरल्या भावाचं. रमेश पिल्ले मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आपण ज्याला आरसीएफ म्हणतो, त्या कंपनीच्या संघातून खेळत होते. ते स्वतः भारताकडूनही खेळले. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला धनराज त्यांच्याकडे मुंबईला आले. खडकीहून मुंबईला जायचं म्हणजे गाडी घाट उतरून आमच्या कर्जतवरूनच जाते. कर्जतच्या फलाटावरून वडा खात खाली गेलेल्या हजारो मुलांपैकी तोही एक असेल, ही कल्पना मला फार आवडते.

मुंबईत त्या मुलाला काय मिळालं, हे नीट समजून घेतलं तरच आमच्या सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. त्या काळी भारतात व्यावसायिक हॉकी म्हणून काही नव्हतं. संघ विकत घेणारे मालक नव्हते आणि खेळाडूंचे लिलाव नव्हते. होत्या त्या नोकऱ्या. टाटा, महिंद्र, आरसीएफ, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, भारत पेट्रोलियम, बँका, विमान कंपन्या, या सगळ्यांचे हॉकी संघ होते. मुंबईच्या लीगमध्ये ते एकमेकांशी झुंजत आणि चांगला खेळाडू आपल्याकडे यावा म्हणून त्याला नोकरी देत. महिना भरला की पगार. सकाळी सराव, सामन्याच्या दिवशी सुट्टी, प्रवासाचा खर्च, दुखापत झाली तर औषधपाणी. खेळाडू कागदोपत्री कामगार किंवा कारकून असे आणि घामानं हॉकीपटू. या व्यवस्थेनं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत चूल पेटती ठेवली. धनराज महिंद्र अँड महिंद्रच्या संघात गेले. तिथे त्यांना स्वतः ऑलिंपिक खेळलेले जोकिम कार्व्हालो प्रशिक्षक म्हणून लाभले. अंगातला वेग धनराज यांनी खडकीहून आणला होता. तो कधी वापरायचा आणि कधी राखायचा, हे शिकायला असा गुरू आणि असा निवांतपणा लागतो. निवांतपणा याचा अर्थ, उद्याच्या भाकरीची चिंता नाही.

पुढचा प्रवास वेगानं झाला. 1989 मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात ते भारताकडून पहिल्यांदा खेळले. 2004 पर्यंत, पंधरा वर्षांत, 339 आंतरराष्ट्रीय सामने झाले. चार ऑलिंपिक: 1992 बार्सिलोना, 1996 अटलांटा, 2000 सिडनी, 2004 अथेन्स. चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक, चार आशियाई क्रीडा स्पर्धा. या चारही स्पर्धा प्रत्येकी चारदा खेळलेला दुसरा खेळाडू नाही. 1994 च्या सिडनी विश्वचषकानंतर जगातल्या सर्वोत्तमांचा जो संघ निवडला गेला, त्यात ते एकटेच भारतीय होते. 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्णपदक जिंकलं. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी 1-1 असा बरोबरीत सुटला आणि निकाल टायब्रेकरवर लागला. 1966 नंतर बत्तीस वर्षांनी हॉकीतलं आशियाई सुवर्ण घरी आलं होतं. 2003 मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला 4-2 असं हरवून भारतानं पहिल्यांदाच आशिया चषक जिंकला, तेव्हाही कर्णधार धनराजच. खेलरत्न पुरस्कार, 2001 मध्ये पद्मश्री.

ही झाली यशाची बाजू. दुसरीही बाजू मुलांपासून लपवायची नाही, असं आम्ही ठरवलं होतं. चार ऑलिंपिकमध्ये भारताचा क्रमांक लागला सातवा, आठवा, सातवा, सातवा. ज्या देशानं हॉकीत ऑलिंपिकची आठ सुवर्णपदकं जिंकली, त्या देशाच्या त्या पिढीतल्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूला एकही ऑलिंपिक पदक मिळालं नाही. 1976 पासून ऑलिंपिक हॉकी कृत्रिम गवतावर खेळली जाऊ लागली. त्या गवतावर चेंडू सुसाट जातो आणि खेळाला लागणारा दमही वेगळा. युरोप आणि ऑस्ट्रेलियातली मुलं लहानपणापासून त्यावर वाढली. आपली मुलं मातीवर वाढून ऐन तारुण्यात त्यावर उतरत. खडकीच्या मातीनं धनराज यांना जे दिलं ते अमूल्यच होतं, पण पाठीमागच्या सगळ्या संघाला जे मैदान हवं होतं ते देशानं फार उशिरा आणि फार थोड्यांना दिलं. सिडनीत पोलंडविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत झालेला एक गोल आणि त्यानं हुकलेली उपांत्य फेरी ज्यांनी पाहिली, ते ती संध्याकाळ विसरलेले नाहीत.

आणखी एक गोष्ट. बँकॉकचं सुवर्ण जिंकून आल्यावर काय व्हायला हवं होतं, हे कुणीही सांगेल. झालं असं, की पुढच्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत कर्णधारासह सात ज्येष्ठ खेळाडू संघात नव्हते. विश्रांती दिली, असं अधिकृत कारण सांगण्यात आलं. पण धनराज यांनी सामन्याच्या मानधनाबद्दल आणि सोयींबद्दल उघडपणे तोंड उघडलं होतं, त्याचीच ही शिक्षा असं तेव्हा सर्वत्र बोललं गेलं. मला या प्रसंगात खेळाडूचा मोठेपणा दिसतो. देशासाठी खेळणं ही सेवा आहे, असं म्हणून त्या सेवेचे पैसे मागणाऱ्याला लाजवायची आपल्याकडे रीत आहे. शेतमजुराला त्याची मजुरी मागायला लाज वाटू नये, तशी खेळाडूलाही वाटू नये. धनराज भावनेच्या भरात बोलत, चिडत, मैदानात रडतही. त्यांचं प्रत्येक बोलणं योग्यच होतं असं नाही. पण आपल्या कामाचं मोल मागायचं धैर्य त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी एकट्यासाठी वापरलं नाही.

मोल देणारी माणसं त्यांना बाहेर भेटली. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समधल्या लियॉं शहराचा संघ, जर्मनीतला स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातले बँकेचे आणि टेलिफोन कंपनीचे संघ, ढाक्याचा अबाहानी. खडकीच्या वसाहतीतून निघालेला मुलगा खेळाच्या जोरावर पाच-सहा देशांत राहिला, तिथे मैदानावर राबला आणि कमावून घरी परतला. हेच व्यावसायिक खेळाडूचं जगणं. एका हंगामापुरतं नवं गाव, अनोळखी भाषा, नवा प्रशिक्षक, अंगाला न मानवणारी थंडी, आणि दर आठवड्याला आपली किंमत पुन्हा सिद्ध करायची. गावाकडून दुबईला किंवा मस्कतला कामाला गेलेला माणूस जसा जगतो, त्याहून ते फार निराळं नसतं. 2005 मध्ये भारतातच प्रीमिअर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा धनराज मराठा वॉरियर्सकडून उतरले. चाळिशीकडे झुकलेला खेळाडू आणि नुकतीच सुरू झालेली साखळी. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात ती असती तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुस्तिकेची जुळवाजुळव करताना एका जागी आम्ही अडकलो. 339 सामने, हा आकडा मिळाला. गोल किती? भारतीय हॉकी महासंघानं त्याचा अधिकृत हिशेबच ठेवलेला नाही. 170 हून अधिक, असं धनराज स्वतः सांगतात. एका मुलाला हे पटेना. "क्रिकेटमध्ये तर पहिल्या चेंडूपासून सगळं लिहिलेलं असतं," तो म्हणाला. खरं आहे. ज्या खेळाडूचे गोल मोजायचीही कुणाला गरज वाटली नाही, त्याच्या उतारवयाची तजवीज कुणी केली असेल? म्हणून आकड्यांचं पान आम्ही गाळलं नाही. गोलांच्या रकान्यात आम्ही रिकामी चौकट ठेवली आहे. मुलांनी ती पाहावी आणि लिहून ठेवण्याचं, मोजण्याचं महत्त्व ओळखावं.

आता पुस्तिकेच्या रचनेविषयी. पहिल्या भागात खडकी, तिथली मैदानं आणि पिल्ले कुटुंब आहे. दुसऱ्या भागात मुंबईची नोकरी आणि लीग. तिसऱ्या भागात देशासाठीची पंधरा वर्षं, जिंकलेली आणि हरलेली, दोन्ही. चौथा भाग परदेशातल्या संघांचा आणि मानधनाच्या प्रश्नाचा. पाचव्या भागात आजची परिस्थिती आहे, आणि तो घरच्यांनी मुलांसोबत बसून वाचावा.

त्या पाचव्या भागातल्या दोन गोष्टी इथेच सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत हॉकी शिकली आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात खेळली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी शिकला, 2015 मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आला. कर्जतच्या फलाटावर आपलं तिकीट बघणारा माणूस ज्या मध्य रेल्वेचा, तीच ही मध्य रेल्वे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. 2014 पासून प्रो कबड्डी आहे, आणि रात्रीच्या दिव्यांखाली आमच्या रायगडात खेळली जाणारी कबड्डी आता घरोघरी टीव्हीवर दिसते. दारं आहेत. ती कुठे आहेत, कुठल्या वयात ठोठवायची, कोणता कागद लागतो, हे गावातल्या मुलाला वेळेवर कळत नाही. चौदाव्या वर्षी कळायला हवं ते विसाव्या वर्षी कळतं, आणि तोवर मुलगा कंत्राटदाराच्या गाडीत बसून पाळीला जाऊ लागलेला असतो.

यात खोटी आशा विकायची नाही. खेळणाऱ्या शंभर मुलांतला एखादाच देशासाठी खेळेल आणि बहुतेकांना नोकरीही खेळामुळे मिळणार नाही. घोटा मुरगळतो, गुडघा जातो, निवड हुकते. म्हणून अभ्यास सोडून खेळा, असं आम्ही कुठेही लिहिलेलं नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे, की "खेळून पोट भरतं का" हा प्रश्न एकट्या मुलाला विचारून चालत नाही. त्याचं उत्तर त्याच्या पायांत असतं तितकंच भोवतालच्या माणसांच्या हातांत असतं. खडकीत कारखान्यानं मैदान राखलं, मुंबईत कंपन्यांनी पगार दिला, भावानं घरात जागा दिली, आईनं अडवलं नाही. तेव्हा कुठे एक धनराज पिल्ले घाट चढला. आमच्या खालापूर तालुक्यात कारखाने काही आजचे नाहीत. खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र 1915 मध्ये सुरू झालं, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. नंतर किती आले, रोज किती येताहेत. त्यांच्या भिंतींच्या बाहेर एखादं सपाट मैदान आणि भिंतींच्या आत खेळाडूसाठी एखादी कायमची नोकरी असावी, हे मागणं मोठं नाही.

शेवटी एक अनुभव. पुस्तिकेचं काम चालू असताना मी पुण्याहून एक हॉकी स्टिक आणि दोन चेंडू घेऊन आलो. मुलांनी स्टिक आधी बॅटीसारखी धरली. मग मी दाखवलं: डावा हात वर, उजवा खाली, आणि मारायचं ते फक्त सपाट बाजूनं. स्टिकची दुसरी बाजू गोल असते, तिनं चेंडू लावला की चूक धरतात. म्हणून चेंडू उजवीकडून डावीकडे न्यायचा तर ठीक, पण डावीकडून उजवीकडे आणायला मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. सगळी कला त्या मनगटात आहे. दहा मुलं, एक स्टिक, आणि कापणी झालेलं भाताचं खाचर. पहिला चेंडू चार हात गेला आणि धसकटाला अडून उडाला. दुसरा ढेकळावर आपटून बांधापलीकडे. मुलं हसली, मग चिडली. मला वाटलं, उत्साह इथे संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिकडून जात होतो, तर तीन मुलं खाचरात वाकलेली दिसली. एक हातानं धसकटं उपटत होता, एक फावड्यानं उंचवटे खरवडत होता आणि ओट्यावर प्रश्न विचारणारा तो सातवीतला मुलगा घरून आणलेल्या चोपण्यानं ढेकळं फोडून माती बसवत होता. मधूनच तो स्टिकऐवजी नुसता चेंडू हातानं जमिनीवरून सोडायचा, कुठे अडतो ते बघायचा आणि तिथे पुन्हा चोपायचा. आठवडाभरात वीस पावलं लांब आणि आठ पावलं रुंद अशी एक पट्टी तयार झाली. खाचराच्या मालकांनी मृगाचा पाऊस पडेपर्यंत ती तशीच ठेवायला परवानगी दिली आहे. त्या मुलाला मी तेव्हा काही बोललो नाही. त्याच्या हातात ही पुस्तिका पडेल तेव्हा पहिल्या भागातलं नागलिंगम पिल्ले यांच्याविषयीचं पान त्यानं सावकाश वाचावं, म्हणून ते पान मी मोठ्या अक्षरांत छापायला सांगितलं आहे.

कुंभिवली, माघ महिना